नववीचं पहिलं सत्र मागच्या गणिताला द्या

२०२४ च्या ऑक्टोबरात दहावीच्या गणिताविषयी एक बातमी आली आणि काही दिवस तिच्यावर बरंच बोलणं झालं. राज्याच्या शालेय शिक्षणाच्या नव्या आराखड्यात अशी तरतूद आहे की गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मुलाला अकरावीत जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की गणित-विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही. नवा अभ्यासक्रम माध्यमिक वर्गांपर्यंत पोचेल तेव्हा हे लागू होईल, असं तेव्हा सांगण्यात आलं. चर्चेत दोन तट पडले. एकाला यात दर्जाची घसरण दिसली, दुसऱ्याला मुलांची सुटका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलात नववी-दहावीला गणित शिकवतो. दोन्ही तटांचं म्हणणं मी लक्षपूर्वक वाचलं, आणि माझ्या वर्गातली मुलं मला त्यात कुठंच सापडली नाहीत.

सुटकेच्या बाजूचं म्हणणं आधी मान्य केलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की नापास झालेल्या मुलाचा रस्ता आठवड्याभरात ठरतो. मुलगा असला तर नागपूरजवळ बुटीबोरीत नाहीतर पुण्याकडे कंपनीत कामाला, किंवा बापासोबत वावरात. मुलगी असली तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी पाहुणे येऊन जातात. पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो, हे सगळं आम्ही घरी जाऊन सांगतो. बाप ऐकून घेतो आणि म्हणतो, "सर, पोरीले नाई येत गनित, त कायले तिले तरास देता?" यात दुष्टावा नसतो. खर्च कुठं करायचा आणि कुठं थांबवायचा याचा तो हिशेब असतो, आणि गणितातली नापासी त्याला थांबायचं कारण देते. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकण विभागाचा ९८.८२ आणि नागपूर विभागाचा ९०.७८. त्याआधीच्या दोन वर्षांतही नऊ विभागांत नागपूर शेवटीच होतं. राहिलेल्या मुलांच्या गुणपत्रिका हातात घेतल्या की आमच्या शाळेत तरी नजर पहिल्यांदा गणिताच्या रकान्यावर अडते.

तेव्हा दार उघडं ठेवा, हे म्हणणं मला पटतं. पण २० गुणांचं दार म्हणजे नेमकं काय, ते पाहू. दहावीचं गणित १०० गुणांचं. भाग एक, म्हणजे बीजगणित, ४० गुणांचा. भाग दोन, भूमिती, ४० गुणांचा. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. हे २० गुण कसे पडतात ते शिक्षकांना, पालकांना आणि मुलांनाही ठाऊक आहे. आज रेषा ३५ वर आहे म्हणून लेखी ऐंशीपैकी पंधरा-सतरा गुणांसाठी तरी मुलाला झटावं लागतं. अंतर्गत गुणांची आजची पद्धत तशीच ठेवून रेषा २० वर आणली, तर लेखी पेपर जवळजवळ कोरा ठेवूनही मूल पुढे जाईल. आणि हे सगळ्यात आधी शाळेलाच कळेल. ज्या मुलाकडून काही होत नाही असं आपण ठरवून टाकलं आहे, त्याच्यावर नववी-दहावीत वेळ घालवायचं कारणच शाळेला उरणार नाही. आज निकालाच्या धाकानं का होईना, जानेवारीत त्याला शेवटच्या बाकावरून पुढे बोलावलं जातं. उद्या तेही थांबेल.

आणि तो शेरा. पंधराव्या वर्षी मिळालेला तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर उमटणार? ज्याच्या घरी शिकवणीला पैसे आहेत, त्याच्या नाही. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे जा, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी दिसतील. पळण्यात ती कमी पडत नाहीत. त्यांची गाडी लेखी परीक्षेत अडते, आणि तिथं मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञानाबरोबर अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. काम-वेळ, शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी. आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचं तर कार्यशाळेतलं गणित आहेच. नर्सिंगला गेलेल्या मुलीला औषधाची मात्रा गुणोत्तरानंच काढायची असते. दहावीत गणितापासून सोडवलेलं मूल विसाव्या वर्षी पुन्हा गणितासमोर उभं राहतं, आणि तेव्हा शिकवायला कुणी नसतं. तालुक्याच्या अकादमीत महिन्याची फी भरून तेच अपूर्णांक तो 'ट्रिक'नं पाठ करतो.

म्हणून ३५ की २० हा वाद मला वरवरचा वाटतो. खरं दुखणं दहावीच्या पुष्कळ आधीचं आहे, आणि ते कुठं आहे हे वर्गात दहा मिनिटांत दिसतं.

फळ्यावर −३ − ५ लिहा आणि नववीच्या वर्गाला उत्तर विचारा. −८ येतं, ८ येतं, −२ सुद्धा येतं. आठ सांगणारं मूल आळशी नसतं. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीत होते, गुणाकार-भागाकार सातवीत, आणि सातवीत त्याच्याकडून 'उणे उणे अधिक' असं घोकून घेतलेलं असतं. तो नियम गुणाकाराचा. पण पोरानं दोन उणे चिन्हं दिसतील तिथं तो लावायला सुरुवात केली, कारण नियम कशाबद्दल आहे हे त्याला कुणी दाखवलंच नाही. त्याला नियम पुन्हा सांगून काही होत नाही. त्याला विचारा, दुकानात तीन रुपये उधार आहेत, आज आणखी पाच उधार आणले, आता देणं किती? तो लगेच आठ म्हणेल. देणं की घेणं? देणं. मग चिन्ह कोणतं? इथं तो थांबतो, फळ्याकडे पाहतो आणि स्वतःच उणे लिहितो. हा थांबण्याचा क्षण म्हणजे गणित शिकणं, आणि त्याला वेळ लागतो. एका मुलाला पाच मिनिटं दिली तर बाकीच्या वर्गाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यासमोर रोज असतो.

उधारीचं उदाहरण बेरीज-वजाबाकीपर्यंत पुरतं. उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे त्यातून नीट सांगता येत नाही. तिथं पाढा उलटा उतरवत न्यावा लागतो. −३ गुणिले २ म्हणजे −६, −३ गुणिले १ म्हणजे −३, −३ गुणिले ० म्हणजे शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर तीननं वाढतं आहे, हे मुलांच्या तोंडून यायला हवं. मग −३ गुणिले −१ किती असायला पाहिजे? वर्गातून 'तीन' असा आवाज येतो, आणि त्या दिवशी नियम मुलांचा स्वतःचा होतो. हे शिकवायला एक पूर्ण तासिका जाते. वार्षिक नियोजनात नववीला यासाठी एकही तासिका नाही, कारण 'हे झालेलं आहे'.

अपूर्णांकांचं असंच. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर मी नववीत दरवर्षी पाहतो. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा टाकला आणि भाकर अर्ध्यापेक्षा कमी झाली, हे कसं काय, असं विचारलं की वर्ग हसतो. हसतो म्हणजे प्रमाणाची जाण पोरांना आहे. ती कागदावरच्या दोन आकड्यांशी जोडलेली नाही, एवढंच. दशांशाचं तर घरातच उदाहरण आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.८१ म्हणजे दोन एकर, हे बापाला तोंडपाठ असतं. पण १.५ हेक्टर मोठं की १.४५, असं पोराला विचारलं की तो १.४५ म्हणतो, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. ही चूक पाचवी-सहावीतली आहे, आणि ती आठवी ओलांडून सुखरूप नववीत आलेली असते.

बरोबरच्या चिन्हाचंही सांगायला हवं, कारण त्याकडे फार कमी लक्ष जातं. 'तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस' हे समीकरण मुलं सोडवतात आणि एका ओळीत लिहितात: ३क्ष = २० − ५ = १५ = ५. उत्तर बरोबर आलेलं असतं, पण पंधरा आणि पाच एकमेकांना बरोबर झालेले असतात. त्या मुलासाठी ते चिन्ह म्हणजे 'इथं उत्तर लिहा' एवढंच. दोन्ही बाजूंना सारखंच काही आहे हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. तो पोचल्याशिवाय बीजगणितात पुढचं एक पाऊलही समजून टाकता येत नाही.

हीच मुलं दहावीत येतात, आणि पहिलंच प्रकरण असतं दोन चलांतील रेषीय समीकरणे. त्यात निश्चयक आणि क्रेमरची पद्धत. दोन तिरकस गुणाकार करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. मूल पायऱ्या बिनचूक लिहितं, सूत्र चौकटीत घालतं, आणि वजाबाकीत उणे चिन्हावर पडतं. पायऱ्यांचे गुण मिळतात म्हणून आम्ही पायऱ्या पाठ करून घेतो. पुढे अंकगणिती श्रेढीत, म्हणजे सारख्याच फरकानं पुढे जाणाऱ्या संख्यांच्या रांगेत, तो साधारण फरक ऋण आला की तेच. भूमितीत पहिलं प्रकरण समरूपता, आणि ते सगळंच्या सगळं गुणोत्तरावर उभं. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढं असतं, हे वाक्य मूल लिहून दाखवतं. बाजू दुप्पट झाल्या तर क्षेत्रफळ किती पट, असं विचारलं की 'दुप्पट' म्हणतं. त्रिकोणमितीचंही मूळ गुणोत्तरातच आहे. म्हणजे दहावीचं अर्ध्याहून जास्त गणित ज्या दोन-तीन गोष्टींवर उभं आहे, त्या गोष्टी मुलाजवळ नाहीत, आणि हे आम्हाला माहीत असूनही आम्ही वर इमले चढवत राहतो.

हे एकट्या विदर्भाचं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षण अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातल्या निवडक जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं. ते बरोबर जमलं ४३.३ टक्क्यांना.

असं का होतं, याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाला सगळे शिव्या घालतात. २००९ च्या त्याच शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकली होती: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि गरज असेल तिथं त्याला जादा शिकवायचं. पहिलं कलम अमलात आलं, दुसरं कागदावर राहिलं. २०२३ च्या शेवटी राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आणली. पण परीक्षा घेतल्यानं अपूर्णांक येत नाहीत. शिवाय आमचं वर्ष मुळातच तोकडं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलैत भाताची रोवणी असते, आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरातले जितके हात जातील तितके जातात. जंगलपट्ट्यात मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, तेव्हाच परीक्षा. गणितात चार दिवस बुडालेलं मूल पाचव्या दिवशी वर्गात फक्त बसलेलं असतं. इतिहासाचा धडा नंतर वाचून घेता येतो, अपूर्णांकांचा भागाकार तसा वाचून समजत नाही.

एका कारणापाशी मात्र थांबावंसं वाटतं. गावोगावी 'सेमी' झालं आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पट टिकवायचा तर सेमी हवंच, असं संस्था म्हणतात, आणि पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. पण घरी वऱ्हाडी बोलणारं, मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पुस्तकातली मराठी आधीच परकी म्हणून शिकलेलं असतं. त्याच्यावर गणितापुरती तिसरी भाषा येऊन पडते. शाब्दिक उदाहरण वाचून त्यात काय दिलं आहे आणि काय काढायचं आहे, हे कळणं हा गणिताचाच भाग आहे. सेमीच्या वर्गात तो भाग शिक्षकच करून टाकतो: उदाहरणाचा मराठीत अर्थ सांगतो, समीकरण मांडून देतो, मुलं फक्त सोडवतात. मांडणं शिकलंच नाही, तर सोडवण्याला काय अर्थ? भाषेचा निर्णय पालकांच्या प्रतिष्ठेवर सोडून देणं मला योग्य वाटत नाही. निदान दहावीची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापून मुलाच्या हातात द्यावी. एवढ्यानंही पुष्कळ मुलांना प्रश्न तरी कळेल.

आता माझं म्हणणं. नववीचं पहिलं सत्र, जूनअखेरपासून दिवाळीपर्यंत, गणिताच्या तासिका मागच्या गणिताला द्याव्यात. चिन्हांसह संख्या, अपूर्णांक आणि दशांश, गुणोत्तर-शेकडेवारी, आणि समीकरण म्हणजे काय. एवढंच, पण मुळापासून आणि सगळ्यांसाठी. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घ्यावी. लेखी नको, कारण लेखीत उत्तर दिसतं, ते कसं आलं ते दिसत नाही. नववीचं पुस्तक दुसऱ्या सत्रात सुरू करावं. ते पूर्ण होणार नाही, हे मला माहीत आहे. संचांचं प्रकरण, गुणोत्तराच्या प्रकरणातल्या सूत्रांच्या कसरती, बहुपदींचा काही भाग मागे ठेवता येतो. गुणोत्तर मात्र ठेवावंच लागेल, आणि पहिल्या सत्रात पाया झालेला असेल तर ते प्रकरण निम्म्या वेळात होतं. भूमितीतल्या रचना आणि त्रिकोणाचे गुणधर्म पहिल्या सत्रातही आठवड्याला दोन तासिका घेऊन पुढे नेता येतील, कारण तिथं पट्टी-कंपास हातात असतं आणि मागे पडलेलं मूलही पुढच्यांबरोबर काम करू शकतं.

यावर पहिला आक्षेप येतो हुशार मुलांचा. त्यांना चार महिने मागे का ओढायचं? ज्याला आपण हुशार म्हणतो त्याला विचारून पाहा: अपूर्णांकानं भागताना उलटं करून गुणायचं, ते का? दहापैकी नऊ हुशार मुलं म्हणतील, नियम आहे. ही मुलं अकरावी विज्ञानला जातात आणि तिथं पहिल्या सहामाहीत कोसळतात. गावातल्या नव्वद टक्केवाल्या मुलाचं तालुक्याच्या कॉलेजात काय होतं, हे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यालाही हे सत्र हवं आहे. त्याच्यासाठी प्रश्न वेगळे असतील, विषय तोच.

दुसरा आक्षेप असा की हे जादा तासात करा, वेळापत्रकाला हात का लावता? सूचना शहरातली आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली शेजारच्या गावांतून येतात. त्यांना एसटीचा मोफत पास आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत, आणि त्यामुळेच त्या आठवीनंतर शाळेत टिकल्या, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. पण ती बस शाळा सुटल्यावर थांबत नाही. सकाळचा जादा तास त्यांना मिळत नाही, संध्याकाळचाही नाही. जादा तासाला उरतात गावातलीच मुलं, आणि त्यातही ज्यांना घरी काम नाही अशी. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त, तीच गैरहजर. म्हणून मागचं गणित वेळापत्रकाच्या आतच बसवायला हवं.

या सत्रात उदाहरणं कुठून आणायची? पुस्तकात दहावीला अर्थनियोजनाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत. ते मुलांनी शिकावंच, उद्या त्यांच्याकडेही चार पैसे असणार आहेत. पण आज त्यांच्या घरात जे व्याज चालतं ते 'शेकडा तीन'. शंभराला महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. जूनमध्ये बियाण्या-खतासाठी वीस हजार उचलले आणि फेब्रुवारीत फेडले, तर नऊ महिन्यांचे ५४०० रुपये. 'तीन' हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा आहे, हे ज्याला दिसलं त्याला गणितातलं एकक समजलं. बँकेचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज सवलतीत शून्यावर येतं. या दोन आकड्यांची तुलना वर्गात झाली पाहिजे.

कापसाचंही घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हा भाव आठ टक्के ओलाव्याला मिळतो. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावाचा एक टक्का कापला जातो, आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणजे आठ, नऊ, दहा, अकरा, बारा टक्क्यांना भाव ८११०, ८०२८.९०, ७९४७.८०, ७८६६.७० आणि ७७८५.६०. ही अंकगणिती श्रेढी आहे. पहिलं पद ८११०, साधारण फरक −८१.१०. दहावीचं तिसरं प्रकरण हेच. आता मुलांना विचारा: व्यापारी दारात येऊन ओलावा न पाहता ७६५० देतो, केंद्रापर्यंतचं गाडीभाडं क्विंटलमागे १५० पडतं, तर किती ओलाव्यापर्यंत केंद्रावर नेणं परवडेल? अकरा टक्क्यांना हाती ७७१६.७० येतात, बाराला ७६३५.६०. अकरापर्यंत न्यावा, बाराला दारातच द्यावा. हे उदाहरण मी वर्गात दिलं तेव्हा एरवी मान खाली घालून बसणारा पोरगा म्हणाला, "पण सर, केंद्रावर चुकारा उशिरा भेटते, तवर सावकाराचं व्याज चालू रायते." ती अट समीकरणात कशी घालायची, यावर उरलेली तासिका गेली. शेकडा तीननं एका महिन्याचं ७६५० वर जवळजवळ २३० रुपये व्याज. म्हणजे चुकारा, कापसाचे पैसे, महिनाभर लांबला तर अकरा टक्क्यांचं गणित उलटतं, आणि दहा टक्क्यांचंही, कारण तिथं केंद्रावरचा फायदा दीडशे रुपयांच्याही आत आहे. गणित मांडणं ते हेच.

इथं एक धोका आहे आणि तो मला फार मोठा वाटतो. कापूस, व्याज, सातबारा ही उदाहरणं घ्या म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बरोबर आहे, शेतकऱ्याच्या पोराला व्यवहारापुरतं गणित पुरे, क्रेमर आणि त्रिकोणमिती कशाला? हे मी कधीही मान्य करणार नाही. कापसाच्या भावातून श्रेढीपर्यंत जायचं आहे, श्रेढीवरून खाली भावापर्यंत यायचं नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती बहुजनांच्या, शेतकऱ्यांच्या मुलांना पूर्ण शिक्षण मिळावं म्हणून. विदर्भातल्या कितीतरी गावांना हायस्कूल त्या चळवळीमुळे दिसलं. त्याच गावांतल्या मुलांना आता अर्धं गणित द्यायचं आणि वर गुणपत्रिकेवर तसा शेरा मारायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

मग जे मूल इतकं करूनही दहावीत अडेल त्याचं काय? त्याच्यासाठी मार्ग असावा, पण परतीचा रस्ता ठेवून. काही वर्षं आपल्याकडे सामान्य गणिताचा पर्याय होता, नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो गेला. सीबीएसईनं २०२० च्या दहावीपासून गणिताचे दोन पेपर केले, प्रमाणित आणि मूलभूत. अभ्यासक्रम दोघांना एकच, वर्गात शिकवणं एकच, फरक पेपरच्या काठिण्याचा. आणि मूलभूत घेतलेल्या मुलाला नंतर मन बदललं तर प्रमाणित पेपर देण्याची सोय ठेवली. राज्य मंडळानं हाच विचार करावा. २० गुणांची सवलत आणि कायमचा शेरा यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. शेरा ठेवायचाच असेल तर त्याला मुदत असावी, आणि अठराव्या-विसाव्या वर्षी कधीही एका परीक्षेनं तो पुसता यावा. ज्या मुलीनं पंधराव्या वर्षी वेचणीमुळे दोन महिने शाळा बुडवली, तिला नर्सिंगचं दार कायमचं बंद करण्याचा अधिकार कुणालाही नसावा.

पेपरचे हे निर्णय मंडळाचे आहेत आणि त्यांना वर्षं लागतील. पण नववीचं पहिलं सत्र बदलायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. नववीची परीक्षा मंडळाची नसते. पेपर शाळा काढते, वार्षिक नियोजन शाळा करते, तासिका मुख्याध्यापक ठरवतात. आडवी येते ती तपासणीची रीत. शिक्षण विभागाचे अधिकारी शाळेत येतात तेव्हा टाचणवही, म्हणजे शिक्षकाची पाठांच्या नोंदीची वही, पाहतात आणि विचारतात, आजपर्यंत किती प्रकरणं झाली? तिथं त्यांनी एक प्रश्न बदलावा. नववीच्या वर्गात जावं, कुणाही तीन मुलांना उभं करावं, −३ − ५ किती आणि का, एवढं विचारावं. ज्या शाळेनं दिवाळीपर्यंत एकही प्रकरण संपवलं नाही पण जिथं तिन्ही मुलं कारणासह उत्तर देतात, त्या शाळेच्या शेरेबुकात तसं लिहून द्यावं. अकोला, अमरावती, वाशिम, बुलडाणा, यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्हे आहेत. एका जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या जूनमध्ये एवढं एक परिपत्रक काढलं, तरी त्या जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांना दुसऱ्याच दिवशी काम सुरू करता येईल.